नरक्याची साल काढण्याआधी

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांचे वनस्पतिशास्त्र व जैवतंत्रज्ञान विभाग, पीएच.डी.चे मार्गदर्शक आणि संशोधन प्रस्तावांना पैसे मंजूर करणाऱ्या समित्या यांस

विषय : औषधी द्रव्ये बनवणाऱ्या जनुकांचा शोध आणि त्यासाठी रानातून घ्यायचे नमुने

सस्नेह नमस्कार.

सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर नरक्या नावाचे एक लहानसे झाड वाढते. फुलांना घाण वास येतो, आणि जुन्या शास्त्रीय नावात, मॅपिया फीटिडा, तो वासच नोंदलेला आहे. आज या झाडाला नोथापोडायटिस निम्मोनियाना म्हणतात. व्यापारात त्याचे नाव अमृता. त्याच्या सालीत आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन असते. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही कर्करोगावरची दोन औषधे या द्रव्यापासून तयार होतात. अमेरिकेत दोन्हींना १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

कॅम्प्टोथेसिन पहिल्यांदा वेगळे केले ते मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, १९६६ मध्ये, कॅम्प्टोथेका या चिनी झाडातून. वाणी मूळचे नंदुरबारचे. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७२ मध्ये, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात दाखवले. म्हणजे शोध लावणारा माणूस आपला, झाड आपले, झाडातले द्रव्य ओळखणारी प्रयोगशाळाही मुंबईची. पुढे मागणी वाढली आणि नरक्या मुळासकट उपटून विकला गेला. मात्र हे झाड ते द्रव्य नेमके कोणत्या जनुकांच्या जोरावर बनवते, याची पूर्ण साखळी पन्नास वर्षांनंतरही आपल्या हाती नाही. तो शोध कुठे अडतो आणि कसा सुटू शकतो, एवढ्यासाठीच हे पत्र.

असा शोध लागतो, हे आपल्याच बांधावरच्या दोन झाडांनी दाखवले आहे. कळलावीतल्या कोल्चिसिन या औषधी द्रव्याची बहुतेक साखळी २०२० मध्ये उलगडली. पूर्वी अज्ञात असलेली आठ जनुके सापडली, आणि एकूण सोळा जनुके तंबाखूच्या एका जातीच्या पानात घालून कोल्चिसिनच्या अगदी जवळचे द्रव्य बनवून दाखवले गेले. सदाफुलीतल्या विनब्लास्टिन या कर्करोगावरच्या औषधाच्या साखळीतले शेवटचे दुवे २०१८ मध्ये मिळाले, आणि २०२२ मध्ये त्याचे दोन्ही अर्धे भाग, कॅथारँथिन आणि विंडोलिन, यीस्टमध्ये तयार झाले. त्यासाठी यीस्टमध्ये वनस्पतींची ३४ जनुके बसवावी लागली. एक ग्रॅम विनब्लास्टिनला सुमारे पाचशे किलो वाळलेला पाला लागतो, हे लक्षात घेतले की या खटाटोपाचे मोल कळते.

आपल्याकडचे प्रस्ताव मात्र बहुधा एका ठरलेल्या वाटेने जातात. बाजारातून किंवा ओळखीच्या माणसाकडून सुकी साल आणायची, एचपीएलसीवर (मिश्रणातली द्रव्ये वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण मोजायचे, आधीच माहीत असलेल्या एखाद्या जनुकाचा तुकडा पीसीआरने वाढवायचा आणि त्याची नोंद डेटाबँकेत टाकायची. थोडा जास्त पैसा मिळाला तर एका झाडाच्या एका पानाचा ट्रान्स्क्रिप्टोम (त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या जनुकांच्या आरएनएचे वाचन) करायचा आणि ‘संभाव्य जनुकांची’ यादी छापायची. अशा यादीतून जनुक सापडत नाही. एकाच नमुन्यात तीसेक हजार जनुके बोलत असतात. त्यातले कोण कॅम्प्टोथेसिनसाठी बोलते आणि कोण घरच्या कामासाठी, हे कळायला त्याच्या शेजारी ठेवायला दुसरा नमुना लागतो. आणि तो योग्य दुसरा नमुना असावा लागतो.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की प्रस्तावात सर्वांत आधी नमुन्यांचा तक्ता तपासा. नरक्यासाठी आम्ही सुचवतो तो असा. एकाच वस्तीतली तीस ते चाळीस झाडे आधी मोजून घ्यावीत. प्रत्येकाची एक बारीक फांदी घ्यावी, सालीतले कॅम्प्टोथेसिन मोजावे. झाडाझाडांत फरक मोठा असतो. त्यातून जास्त प्रमाणाची तीन आणि कमी प्रमाणाची तीन झाडे निवडावीत. या सहा झाडांचे प्रत्येकी चार भाग घ्यावेत: कोवळे पान, जून पान, फांदीची साल, बाजूच्या मुळाची साल. हे झाले चोवीस नमुने. कोणती जनुके बरोबरीने चढतात-उतरतात हे दाखवणाऱ्या सहसंबंधाच्या जाळ्यासाठी पंधरा-वीस नमुन्यांच्या खाली जाऊ नये. एकाच झाडाचे तीन तुकडे म्हणजे तीन पुनरावृत्त्या नव्हेत, तीन वेगळी झाडे हवीत. परीक्षणात ही एक चूक पकडली तरी अर्धे काम होईल.

येथे एक गोष्ट बारकाईने पाहावी लागते. जिथे द्रव्य साठते तिथेच ते बनते असे नाही. जाड जुन्या सालीत वर्षानुवर्षांचा साठा असतो, पण तिथली जनुके केव्हाच थंडावलेली असू शकतात. कोवळ्या शेंड्यात साठा थोडा, पण कारखाना जोरात. केवळ कॅम्प्टोथेसिनच्या आकड्याशी जनुकांची सांगड घातली तर कोठाराची जनुके हाती येतात आणि कारखाना निसटतो. म्हणून मधली द्रव्ये मोजली पाहिजेत. एलसी-एमएसवर (द्रव्ये वेगळी करून त्यांचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) धन आयनात वस्तुमानाचे हे आकडे शोधा: स्ट्रिक्टोसिडिन ५३१.२३, स्ट्रिक्टोसिडिनिक आम्ल ५१७.२२, स्ट्रिक्टोसामाइड ४९९.२१, प्युमिलोसाइड ५१३.१९, डीऑक्सिप्युमिलोसाइड ४९७.१९, कॅम्प्टोथेसिन ३४९.१२ आणि ९-मेथॉक्सिकॅम्प्टोथेसिन ३७९.१३.

यातले पहिले दोन आकडे विशेष महत्त्वाचे. कॅम्प्टोथेसिनच बनवणारी ओफिओरायझा ही लहान वनस्पती स्ट्रिक्टोसिडिनवरून पुढे जाते. चिनी कॅम्प्टोथेका मात्र स्ट्रिक्टोसिडिनिक आम्लावरून जाते, कारण तिथे साखळीत आधी येणाऱ्या लोगॅनिक आम्लाला मिथाइल गट लागतच नाही. हे २०१६ मध्ये दाखवले गेले. द्रव्य एक, वाटा दोन. तेव्हा सदाफुलीतल्या जनुकाशी मिळतेजुळते काहीतरी नरक्यात सापडले म्हणून वाट तीच, असे गृहीत धरू नये. आधी नरक्याच्या सालीत आणि पानात ५३१ आणि ५१७ यांपैकी कोण दिसते ते पाहावे, मगच प्रायमर (जनुक वाढवण्यासाठी लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) मागवावेत.

आता रानातले काम. फांदी कापल्यापासून द्रवरूप नायट्रोजनमध्ये पडेपर्यंत एक मिनिटापेक्षा जास्त वेळ जाऊ नये. कापताक्षणी झाडाला जखम कळते आणि तासाभरात जखमेची जनुके उसळतात. तुमच्या तक्त्यात मग कॅम्प्टोथेसिनऐवजी कोयत्याचा घाव उमटतो. सगळी झाडे दिवसाच्या एकाच वेळी, म्हणजे दोन तासांच्या आत उरकावीत. सकाळचे पान आणि दुपारचे पान यांची तुलना निरुपयोगी असते. घाटात नायट्रोजनचे उघडे पिंप वाहून नेणे अवघड आणि धोक्याचे आहे. ड्राय शिपर (नायट्रोजन शोषून धरणारे, न सांडणारे पात्र) न्यावा, तो आदल्या दिवशी पूर्ण भरून मुरवून ठेवावा. आरएनए टिकवणारे द्रावण हा पर्याय आहे, पण त्याला दोन मर्यादा आहेत. ते पाच मिलिमीटरपेक्षा जाड तुकड्यात आत शिरत नाही, त्यामुळे साल पातळ कापावी लागते. आणि त्यात अमोनियम सल्फेट भरपूर असते, म्हणून त्यातला तुकडा एलसी-एमएसला चालत नाही. रसायनासाठी वेगळा तुकडा घ्यावा लागतो आणि जोडी तुटते. जोडी तुटली की सहसंबंध ढिला पडतो. शक्यतो एकच तुकडा नायट्रोजनमध्ये कुटावा आणि त्याच पुडीतले शंभर मिलिग्रॅम आरएनएला, शंभर मिलिग्रॅम रसायनाला द्यावेत.

साल काढताना खोडाभोवती गोल कधीही सोलू नये, झाड मरते. आडव्या फांदीवर दोन सेंटिमीटर रुंद आणि फांदीच्या लांबीच्या दिशेने पाच सेंटिमीटर लांब पट्टी पुरते. मुळासाठी खोडापासून दूर, करंगळीपेक्षा बारीक असे बाजूचे एकच मूळ घ्यावे आणि माती परत दाबावी. ज्या झाडाला माणसाने आधीच इतके ओरबाडले, त्याचा अभ्यास त्याला जिवंत ठेवूनच झाला पाहिजे, याबद्दल आमची तडजोड नाही. प्रत्येक झाडाला क्रमांक, जीपीएस नोंद, फुलोरा असल्यास फुले नर की मादी याची नोंद, आणि नोंदणीकृत वनस्पतिसंग्रहालयात एक वाळवलेला नमुना हवा. त्या नमुन्याचा क्रमांक नसलेला ट्रान्स्क्रिप्टोम दहा वर्षांनी कोणाच्याच कामाचा राहत नाही.

नरक्याच्या सालीतून आरएनए काढताना तयार किट बहुधा फसते. सालीतली चिकट शर्करा आणि पॉलिफिनॉल आरएनएला धरून बसतात. गाळणीच्या नळीवर तपकिरी डिंकासारखा थर दिसला की समजावे, हा नमुना गेला. सीटॅब या साबणासारख्या रसायनाची जुनी पद्धत येथे अजून चांगली: २ टक्के सीटॅब, २ टक्के पीव्हीपी, २ टक्के बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल, ६५ अंशांना गरम केलेले द्रावण, क्लोरोफॉर्मने दोनदा धुणे. मग लिथियम क्लोराइड शेवटी २ ते २.५ मोलर होईल एवढे घालून ४ अंशांवर रात्रभर ठेवणे. लिथियम क्लोराइडमुळे आरएनए खाली बसतो, शर्करा आणि डीएनए बहुतांशी वर राहतात. २६०/२३० चे गुणोत्तर (शुद्धतेचे माप) १.८ च्या वर आणि आरआयएन (आरएनए किती अखंड आहे याचा अंक) ७ च्या वर असल्याशिवाय नमुना सिक्वेन्सिंगला पाठवू नये. खराब आरएनएवर पैसे घालवणे आणि मग ‘संभाव्य जनुके’ लिहिणे, हे आपल्याकडे फार झाले आहे.

रसायनासाठी ८० टक्के मिथेनॉल आणि ०.१ टक्का फॉर्मिक आम्ल वापरावे. आम्ल विसरू नका. अल्कधर्मी द्रावणात कॅम्प्टोथेसिनच्या रेणूतले लॅक्टोन वलय उघडते, आलेखावर एका द्रव्याची दोन शिखरे दिसतात आणि प्रमाण कमी निघते. चोवीस नमुने यंत्रावर चढवताना क्रम मिसळून द्यावा. सगळी पाने आधी आणि सगळ्या साली नंतर चढवल्या, तर यंत्राचा दिवसभराचा ढळ हाच पान आणि साल यांतला फरक म्हणून छापला जातो.

सिक्वेन्सिंगविषयी थोडक्यात. प्रत्येक नमुन्याचे दोन ते तीन कोटी जोडरीड्स (दोन्ही टोकांकडून वाचलेले तुकडे) पुरतात. पण केवळ छोट्या रीड्सवरून जोडलेली जनुके अनेकदा तुटकी किंवा दोन जनुकांची चुकून शिवलेली गोधडी असते. सगळ्या भागांचा आरएनए एकत्र करून एकदा लांब रीड्सचे सिक्वेन्सिंग करावे. सायटोक्रोम पी४५० घराण्यातल्या प्रथिनांचा पुढचा तुकडा पेशीतल्या पडद्यात रुतलेला असतो. सुरुवात चुकीची धरली तर तो कापला जातो आणि पुढे प्रयोगात ‘जनुक काम करत नाही’ असा खोटा निकाल मिळतो. सालीत राहणाऱ्या बुरशींचे रीड्सही नमुन्यात येतात. ते आधीच गाळून काढावेत. बुरशीत कॅम्प्टोथेसिन सापडल्याच्या बातम्यांनी हुरळून जाऊ नये, काही पिढ्या वाढवल्यावर ते उत्पादन ओसरत गेल्याचे वारंवार दिसले आहे. आणखी एक लहानशी, पण समाधान देणारी खूण आहे. कॅम्प्टोथेसिन पेशीतल्या टोपोआयसोमरेज-१ या प्रथिनाला पकडते. कॅम्प्टोथेका आणि ओफिओरायझा यांच्या या प्रथिनात (मानवी प्रथिनाच्या क्रमांकाप्रमाणे) ७२२ व्या जागी अ‍ॅस्परॅजिनऐवजी सेरिन असते, म्हणून ती झाडे स्वतःच्या विषाने मरत नाहीत. आपल्या नरक्याच्या ट्रान्स्क्रिप्टोममध्ये हे जनुक पूर्ण निघाले का आणि ती जागा कशी आहे, हे पहिल्याच दिवशी पाहावे. जोडणीची कसोटी म्हणून हे उत्तम.

मग येते आमिष निवडणे. साखळीतले ओळखीचे जनुक घ्यायचे आणि त्याच्याबरोबर चढणारी-उतरणारी जनुके शोधायची, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. बहुतेक जण स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज हे एकच आमिष लावतात. हे का फसते ते सदाफुलीने शिकवले. एकेका पेशीतली जनुके वाचली गेली तेव्हा साखळीचे सुरुवातीचे टप्पे पानातल्या रसवाहिनीलगतच्या पेशींत, मधले बाहेरच्या त्वचेत आणि शेवटचे तिसऱ्याच, इडिओब्लास्ट प्रकारच्या पेशींत निघाले. एका आमिषाला एकाच पाणवठ्यावरचे मासे लागतात. म्हणून निदान तीन आमिषे लावावीत: जेरानिऑल ८-हायड्रॉक्सिलेज सुरुवातीसाठी, ट्रिप्टोफॅन डिकार्बॉक्सिलेज आणि स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज मधल्यासाठी. शेवटच्या टप्प्यासाठी जनुकच माहीत नसल्याने प्युमिलोसाइड आणि डीऑक्सिप्युमिलोसाइड यांचे मोजलेले आकडे हेच आमिष. मिळालेल्या यादीतून ऑक्सिडेशन, रिडक्शन आणि साखर काढण्याचे काम करणारी घराणी निवडावीत, कारण स्ट्रिक्टोसामाइडपासून कॅम्प्टोथेसिनपर्यंत रसायन हेच काम मागते. तीसएक जनुकांवर थांबावे.

पुरावा मिळतो तो येथून पुढे, आणि याच टप्प्याला आपल्या प्रस्तावांत पैसा नसतो. निकोटियाना बेंथामियाना ही तंबाखूची ऑस्ट्रेलियन जात चार-पाच आठवड्यांची वाढवावी. प्रत्येक जनुक ॲग्रोबॅक्टेरियम या, वनस्पतीत जनुके नेणाऱ्या जिवाणूत घालावे. १० मिलिमोलर एमईएस (पीएच ५.६), १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड आणि १५० मायक्रोमोलर ॲसिटोसिरिंगोन यांच्या द्रावणात प्रत्येकाची ओडी ६०० (जिवाणूंच्या दाटीचे माप) सुमारे ०.२ ठेवावी, दोन तास खोलीच्या तापमानाला ठेवून सुई नसलेल्या सिरिंजने पानाच्या खालच्या बाजूने आत सोडावे. पान ओले झाल्यासारखे गडद दिसत पसरते, तेवढा भाग पेनने आखून घ्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच जागी मधले द्रव्य सोडावे आणि दुसऱ्या दिवशी पान गोठवावे. जनुक न घातलेल्या, रिकाम्या वाहकाचा कंट्रोल तेवढ्याच ओडीने हवा. अपेक्षित वस्तुमान दिसले नाही म्हणून लगेच हार मानू नये. बेंथामियाना परकी द्रव्ये दिसली की त्यांना साखर लावते. म्हणून अपेक्षित आकड्यात १६२.०५ मिळवूनही शोधावे, आणि साखर-मॅलोनिल दोन्ही लागले असतील तर २४८.०५ मिळवूनही.

एक सापळा असा आहे की त्यात जाणतेही अडकतात. स्ट्रिक्टोसिडिन ज्यांच्यापासून बनते ती सेकोलोगॅनिन आणि ट्रिप्टामिन ही द्रव्ये एकत्र ठेवली आणि द्रावण आम्लधर्मी असले, तर ती दोन्ही एंझाइमशिवायच जोडली जातात. त्यातून स्ट्रिक्टोसिडिन येते आणि त्याचे आरशातल्यासारखे नसले तरी एका टोकाला उलटे असलेले भावंड व्हिंकोसाइडही येते. दोघांचे वस्तुमान तंतोतंत सारखे, ५३१.२३. एंझाइम फक्त स्ट्रिक्टोसिडिन बनवते. म्हणून उकळून मारलेल्या एंझाइमचा कंट्रोल हवाच, आणि स्तंभावर दोन्ही शिखरे वेगळी होतील एवढा लांब ग्रेडियंट (द्रावक हळूहळू बदलत नेण्याचा क्रम) हवा. केवळ वस्तुमान जुळले म्हणून ‘जनुक सिद्ध’ लिहिणारा प्रबंध परत पाठवावा. शुद्ध नमुन्याशी स्तंभावरची वेळही जुळली पाहिजे आणि यंत्रात रेणू फुटून होणाऱ्या तुकड्यांचा आराखडाही. शुद्ध स्ट्रिक्टोसिडिन विकत मिळवणे कठीण जाते, पण ई. कोलायमध्ये सदाफुलीचे स्ट्रिक्टोसिडिन सिंथेज बनवून ते घरच्या घरी करता येते. राज्यातल्या एखाद्या विभागाने हे काम हाती घेऊन बाकीच्यांना मिलिग्रॅम-मिलिग्रॅम वाटले, तर सगळ्यांचे वर्ष वाचेल.

परवानग्यांबाबत. अभयारण्यात मुख्य वन्यजीव रक्षकांची, राखीव जंगलात वन विभागाची लेखी परवानगी नमुन्याआधी हवी, नंतर नव्हे. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी जाऊन सांगावे, वाट दाखवणाऱ्याचे श्रेय लेखी द्यावे. आरएनए किंवा साल परदेशी पाठवायची असेल तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम आधी पाहावेत. पेटंटचा विचार असेल तर २०२३ ची कायद्यातील दुरुस्ती वाचूनच अर्ज करावा.

समित्यांना आमच्या नेमक्या विनंत्या अशा. अर्जाच्या नमुन्यात चार रकाने वाढवा: किती वेगळी झाडे आणि किती भाग, रसायन आणि आरएनए एकाच पुडीतून का, आमिषे कोणती, आणि जनुक सिद्ध करण्याचा प्रयोग कुठे व कोण करणार. चौथा रकाना रिकामा असलेल्या प्रस्तावाला सिक्वेन्सिंगचे पैसे देऊ नका. तीन वर्षांच्या प्रकल्पातले पहिले सहा महिने केवळ झाडे मोजण्यात आणि निवडण्यात गेले, तर प्रगती अहवालात ते ‘विलंब’ म्हणून धरू नका. जनुके कृत्रिमरीत्या बनवून घेण्यासाठी वेगळा खर्चाचा मथळा ठेवा, कारण तीस जनुके सालीतून एकेक करून क्लोन करायला लावले की विद्यार्थ्याचे दुसरे वर्ष तिथेच संपते.

मार्गदर्शकांना विनंती एवढीच की काम न करणाऱ्या जनुकांचीही नोंद प्रबंधात ठेवा: कोणते जनुक, कोणते द्रव्य दिले, किती दिवसांनी पाहिले. तीसपैकी सत्तावीस जनुके गप्प राहणे हे या कामात नेहमीचे आहे, आणि ती सत्तावीस नावे पुढच्या विद्यार्थ्याला हवी असतात. कच्चे रीड्स आणि एलसी-एमएसच्या मूळ फायली प्रबंध सादर होण्याआधी खुल्या साठ्यात टाकाव्यात, झाडाच्या क्रमांकासह, पण नेमकी जागा मात्र तालुक्यापर्यंतच उघड करावी. नरक्याचा ठावठिकाणा जीपीएससकट छापला की तो संशोधकाआधी तोडणाऱ्याला सापडतो.

आपले,
वनस्पती-रसायन, जनुक-अभिव्यक्ती आणि रानातील नमुना-संकलन या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण